नव्या एआर-१५ वर आधी स्कोप नीट बसवा

अमेरिकेत पहिली एआर-१५ (अर्धस्वयंचलित रायफल) घेतलीत, छान! पण एकदम सगळं बदलू नका. सुरुवात स्कोपपासून, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीपासून करा. मॅगझिन काढून, चेंबर (गोळी डागण्यासाठी बसते ती जागा) रिकामा असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री केल्याशिवाय पान्याला हात लावू नका.

- माउंट (स्कोप धरून ठेवणारा भाग) पूर्णपणे वरच्या रिसीव्हरवरच, म्हणजे रायफलच्या मुख्य सांगाड्याच्या वरच्या भागावरच हवा. अर्धा हँडगार्डवर (नळीभोवतीच्या आवरणावर) गेला की नेम हलतो, कारण हँडगार्ड दाबाने वाकतो. नवशिक्यांची ही नेहमीची चूक.
- माउंट रेलच्या (रायफलवरच्या खाचांच्या पट्टीच्या) खाचेत पुढे रेटून धरा, मगच आवळा; नाहीतर धक्क्याने सरकतो.
- स्क्रू अंदाजाने पिळू नका. टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरानेच आवळणारा) घ्या, उत्पादकाचा आकडा पाळा. जास्त आवळलं तर स्कोपची ट्यूब चेपते.

झीरो करताना, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल असा स्कोप जुळवताना, ३ ते ५ गोळ्यांचा गट पाहूनच स्कोपचा नॉब फिरवा. ट्रिगर सध्या आहे तसाच राहू द्या.