आज काहीच झालं नाही म्हणालीस ना?

पोरी,

मंगळवारी फोन केलास तेव्हा मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, धाकटा काहीतरी आपटत होता, आणि तू बाथरूममधून बोलतेयस हे मला आवाज घुमत होता त्यावरूनच कळलं. मीही तिथूनच बोलायचे. तीन मुलं शाळेत न जाता घरीच शिकत असली की आतून कडी लावता येईल अशी तेवढी एकच खोली उरते. बोलता बोलता दोनदा म्हणालीस, "काकू, आज काहीच झालं नाही." ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

काय व्हायला हवं होतं, ते आधी सांग. भिंतीवरच्या वेळापत्रकाचा फोटो तू पाठवला होतास. आठ ते पावणेनऊ गणित, मग मराठी, मग परिसर अभ्यास. नऊ वर्षांच्या थोरलीचा एक रकाना, सहाच्या मधल्याचा दुसरा, आणि अडीच वर्षांच्या बाळाच्या रकान्यात 'रंग ओळखणे'. अगं, बाळ रंग ओळखेलच की, त्याला रकाना कशाला!

हसतेय ते स्वतःलाच. २००९च्या जूनमध्ये तिघांना घरी शिकवायचं ठरलं आणि मी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून फळा, खडूचा डबा नि वह्यांचा गठ्ठा घेऊन आले. देवघरातली घंटा दर तासाला वाजवायचे. अकराव्या दिवशी मधल्यानं विचारलं, "आई, तू आता कायम बाईंसारखीच बोलणार का?" त्या फळ्यावर पुढे कित्येक वर्षं दूधवाल्याचा हिशेब राहिला.

शाळेच्या पाच तासांत हजेरी असते, रांगा असतात, वह्या गोळा करणं असतं, चाळीस पोरांना गप्प बसवणं असतं. तुला त्यातलं काही करायचं नाहीये. एका मुलाजवळ वीस मिनिटं नीट बसलीस, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, तर त्या दिवशीचं गणित किंवा वाचन होऊन जातं. तिघांचं मिळून तास-सव्वा तास. एक मूल तुझ्याजवळ असताना बाकीच्या दोघांना काय द्यायचं, हीच खरी मेख आहे. धाकट्याला बाल्कनीत परातभर पाणी, दोन वाट्या आणि गाळणं दे. फरशी ओली होईल, होऊ दे. रंगीत खेळण्यांच्या पेटीपेक्षा ते जास्त वेळ पुरतं, हे मी तीन मुलांवर पाहिलंय.

दिवसाला दोनच खुंट्या ठोक. नाश्त्यानंतरची बैठक ही एक. दुसरी दुपारी दोन ते तीन. त्या तासात घरात कुणी कुणाशी बोलायचं नाही. वाचा, चित्रं काढा, झोपा, छताकडे बघत पडा. 'कंटाळा आला' हे तीननंतर सांगायचं. आणि तू त्या वेळी भांडी घासायची नाहीस. पहिले पंधरा दिवस दर पाच मिनिटांनी कुणीतरी दारात येईल. आमच्याकडे तर एकदा पोरं चिठ्ठ्या लिहून दाराखालून सरकवत होती. मधल्याला लिहायचा भयंकर आळस होता, पण त्या तासात सबंध वाक्यं लिहायला लागला!

आता सासूबाईंचं. तुझ्या सासूबाई पाहुण्यांसमोर "हिची मुलं शाळेत जात नाहीत" म्हणून उसासा टाकतात, याचं तुला फार लागतं. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत असंच म्हणत. त्यांना पटवायच्या फंदात मी तीन-चार वर्षं घालवली, ती वाया गेली. त्यांच्याकडून काय घेता येईल हे मात्र योगायोगानंच कळलं.

एका पावसाळ्यात माळा आवरताना त्यांची जुनी मापं निघाली. पायली, शेर, मापटं, चिपटं. मुलांनी ती तांदळाच्या डब्याशी नेली. सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. थोरलीनं लगेच तोंडी हिशेब केला, पायलीत सोळा चिपटी. मधला म्हणाला, भरून बघू. भरली, तर पंधराव्या चिपट्यालाच पायली काठोकाठ! दोघांची जुंपली. ती म्हणे तू मोजायला चुकलास, तो म्हणे तुझा हिशेबच चूक. पुन्हा मोजलं, पुन्हा पंधराच. मी उठणार होते, पण सासूबाईंनी हातानंच थांबवलं. बऱ्याच वेळानं धाकटीनं चिपट्यावर बोट ठेवलं, "हे डोंगरासारखं आहे." चिपटं शीग लावून, म्हणजे काठावर ढीग करून भरलं जात होतं आणि पायली मात्र सपाट. मग पट्टीनं शीग उतरवून मोजलं, तेव्हा सोळाचा मेळ बसला. त्यावर सासूबाईंचं म्हणणं, "आमच्याकडे शीग लावूनच द्यायचे, पट्टी फिरवणाऱ्याला कद्रू म्हणत."

पुढे वर्षभर संध्याकाळी दिवा लावल्यावर त्या मुलांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीडचे पाढे म्हणायला लावत. औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, त्यांना स्वतःलाच अर्धा आठवायचा. तो मुलांनी बेरजा करून पुरा करून दिला. अपूर्णांकांचं पुस्तक आम्ही उघडलं तेव्हा त्यात नवं फार थोडं निघालं. हे काही मी आखलेलं नव्हतं. त्या दिवशीच्या माझ्या डायरीत काय आहे माहितेय? "माळा अर्धाच झाला. अभ्यास नाही."

एक चूक सांगते, ती तू करू नकोस, आणि मला वाटतं तू करायला लागली आहेस. परवा फोनवर थोरलीला दोनदा हाक मारलीस, "बाळाला बघ गं." मीही थोरलीला हाताशी घेतलं. धाकटीची वेणी, मधल्याचं पाढ्यांचं पाठांतर, सगळं तिच्याकडे. लोक कौतुक करायचे, किती समजूतदार मुलगी! ती पंधरा वर्षांची असताना एका रात्री पोळ्या लाटता लाटता शांतपणे म्हणाली, "आई, मला माझं असं लहानपण फारसं आठवत नाही." लाटणं थांबवलं नाही तिनं. मला आजही ते वाक्य जेवताना आठवतं. ताईनं भावाला सांभाळावं, जरूर सांभाळावं, पण आठवड्यातून ठरलेल्या वेळी आणि तिला 'नाही' म्हणता येईल अशा बेतानं. उरलेल्या वेळी बाळ तुझं आणि तुझ्या नवऱ्याचं आहे.

नवऱ्याचा विषय निघालाच आहे तर तेही लिहिते. तो संध्याकाळी घरी येऊन "आज काय शिकलात?" विचारतो आणि मुलांऐवजी तूच परीक्षेला बसल्यासारखी होतेस. त्याला परीक्षक राहू देऊ नकोस. शनिवारची मंडई आणि रात्रीचं वाचन त्याच्याकडे दे, आणि ते कसं करतो यात नाक खुपसू नकोस.

कागदपत्रांचं तुझं भय मला समजतं. आम्ही सुरू केलं आणि दहा महिन्यांत, १ एप्रिल २०१०ला, शिक्षण हक्क कायदा लागू झाला. तेव्हा मीही रात्र रात्र जागले. तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे त्यात पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घालणाऱ्या पालकाला शिक्षा लिहिलेली नाही. घरी शिकवण्याबद्दल त्यात वेगळं काही नाही. म्हणून कुणी छातीठोकपणे 'पूर्ण कायदेशीर' म्हणालं तरी माना डोलावू नकोस, आणि 'पोलीस येतील' म्हणणाऱ्या शेजाऱ्यालाही चहा पाजून वाटेला लाव. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था (एनआयओएस) आहे. वयाची १४ वर्षं पुरी लागतात, परीक्षा वर्षातून दोनदा होतात, आणि एका नोंदणीवर पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. माझ्या थोरलीनं तिथूनच दहावी केली. राज्य मंडळाकडून बसायचं तर बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा १७ नंबरचा फॉर्म, त्याला शाळा सोडल्याचा दाखला मागतात, तेव्हा तुझ्या थोरलीचा दाखला प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेव. माझा एक दाखला वाळवीनं खाल्ला होता.

आणि एखादं मूल शाळेत जायचं म्हणालं तर जाऊ दे. आमचा मधला आठवीच्या वर्षी म्हणाला, मला जायचंय, मला रोज क्रिकेटला अकरा जण हवेत. त्याच कायद्यानुसार वयानुरूप वर्गात प्रवेश मिळाला. पहिल्या दिवशी तो बसमध्ये चढला आणि मी जिन्यात बसून रडले, जणू मीच नापास झाले होते. संध्याकाळी आला तो डबा चाटूनपुसून आणि ढोपर फोडून. खूश होता. बाकीच्या दोघी घरीच राहिल्या. एकाच घरात दोन्ही चालू शकतं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मित्रमैत्रिणींची काळजी मात्र खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. सोसायटीतली पोरं पाच वाजता खाली उतरतात. तेव्हा तुझी मुलं खालीच असली पाहिजेत, मग धडा अर्ध्यावर राहिला तरी चालेल. लिफ्टमध्ये कुणी "आज सुट्टी का रे?" विचारलं तर काय सांगायचं हे मुलांनाच ठरवू दे. आमची धाकटी "हो" म्हणून मोकळी व्हायची.

रविवारी येते आहेस ना? ते वेळापत्रक येण्याआधी भिंतीवरून काढलंस तर बरं, नाही काढलंस तर मी काही बोलणार नाही. येताना मोठी पिशवी आण. पायली, शेर आणि मापटं तुझ्या मुलांसाठी घासून ठेवलंय. चिपटं सापडत नाहीये, बहुतेक मधल्यानं त्यात खिळे ठेवलेत. सापडेपर्यंत मापट्यावर भागवा.

तुझी,
काकू