बॉड म्हणजे बिट नव्हे

एका वाचकाने विचारलं आहे : लिनक्सवरून फोनलाइनने दूरच्या कॉम्प्युटरला जोडण्याच्या जुन्या सूचनांमध्ये असं वाक्य आहे, 'मोडेम २८.८ चा असला तरी सीरियल पोर्टचा बॉड रेट ११५२०० ठेवा.' बॉड म्हणजे बिटच ना? मग पोर्टचा वेग मोडेमच्या चौपट कसा? आणि 'बॉड रेट' म्हणणं बरोबर की चूक?

मोडेम म्हणजे कॉम्प्युटरचा मजकूर फोनलाइनवरच्या सुरांत बदलणारी पेटी, सीरियल पोर्ट म्हणजे ती कॉम्प्युटरला जोडण्याची जागा, आणि '२८.८ चा' म्हणजे सेकंदाला २८.८ हजार बिट पाठवणारा. सूचना अगदी बरोबर आहे. घोळ आहे तो बॉडला बिट समजण्यात.

तारेवरचा संकेत एका सेकंदात किती वेळा बदलता येतो, ते बॉड सांगतो. प्रत्येक बदलात किती बिट, म्हणजे शून्य किंवा एक, भरायचे, हा निराळा हिशेब. एका बदलात एकच बिट भरला तर दोन्ही आकडे सारखे येतात. सुरुवातीची कित्येक वर्षं ते सारखेच होते, त्यामुळे दोन्ही शब्द एकाच अर्थाने तोंडात बसले.

एककाला नाव मिळालं ते फ्रेंच तारखात्यातले अभियंते एमिल बोदो (१८४५–१९०३) यांच्यावरून. मोर्सच्या लिपीत एखादं अक्षर एका टिंबाचं, तर दुसरं चार खुणांचं. बोदो यांनी १८७४ साली पेटंट घेतलेल्या पद्धतीत प्रत्येक अक्षराला ठरलेले पाच घटक, सगळे सारख्या लांबीचे. घटक सारखे झाले की सेकंदाला किती गेले हे मोजता येतं, आणि मोजायला एकक लागतं. टेलेक्स, म्हणजे तारेवरून टाइप केलेला मजकूर पाठवणारी यंत्रणा, ५० बॉडवर चालायचा. एका अक्षराला सुरुवातीच्या आणि शेवटच्या खुणेसकट साडेसात घटक लागत, म्हणजे मिनिटाला ४०० अक्षरं.

आता फोनलाइनकडे वळू. १९६२ चा बेल १०३ मोडेम दोन सूर वापरायचा, एक शून्यासाठी आणि एक एकासाठी. सेकंदाला ३०० बदल, ३०० बिट. त्याला 'तीनशे बॉडचा मोडेम' म्हणण्यात काहीच चूक नव्हती. पण फोनची लाइन माणसाच्या बोलण्यासाठी घातलेली. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा तिच्यातून नीट जातो, त्यामुळे संकेत हवा तितक्या वेगाने बदलता येत नाही. अभियंत्यांनी मग बदल वाढवण्याऐवजी प्रत्येक बदलात जास्त बिट भरायला सुरुवात केली. सुराचा जोर, म्हणजे अँप्लिट्यूड, आणि त्याची कला, म्हणजे फेज, या दोन्ही एकदम बदलून सोळा वेगवेगळ्या खुणा करता येतात. सोळांपैकी एक खूण म्हणजे चार बिट. व्ही.२२ बिस मानकाचा मोडेम सेकंदाला ६०० च खुणा पाठवायचा, पण बिट मात्र २४००. लोक त्याला सर्रास '२४०० बॉडचा मोडेम' म्हणत. बोदो यांच्या हिशेबाने तो ६०० बॉडचा.

प्रश्नातला २८.८ चा मोडेम १९९४ च्या व्ही.३४ मानकाचा. तो सेकंदाला ३२०० खुणा पाठवत असेल, तर प्रत्येक खुणेत सरासरी ९ बिट : ३२०० गुणिले ९, बरोबर २८,८००. म्हणजे फोनलाइनवर ३२०० बॉड आणि सेकंदाला २८,८०० बिट.

मग ११५२०० कुठला? तो फोनलाइनचा नव्हेच. कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यामध्ये जी हातभर केबल असते, तिचा आहे. मोडेम मजकूर दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून, पाठवतो. व्ही.४२ बिस पद्धतीने मजकूर अनुकूल असेल तर चौपटीपर्यंत दाबला जातो, आणि २८,८०० ची चौपट होते १,१५,२००. केबल त्याहून हळू ठेवली तर लाइन मोकळी बसून राहील, म्हणून पोर्ट मोडेमपेक्षा वेगवान ठेवायचा. मजकूर कमी दाबला गेला तर मोडेमने कॉम्प्युटरला 'थांब' सांगायला हवं, म्हणून हार्डवेअर फ्लो कंट्रोलही चालू पाहिजे. तो बंद राहिला तर मोठी फाइल पाठवताना मधली अक्षरं गळतात.

११५२०० हा आकडाही उगाच आलेला नाही. पीसीच्या सीरियल पोर्टला १.८४३२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो. त्याला १६ ने भागलं की ११५२०० मिळतात, आणि त्यांना १२ ने भागलं की आपले ओळखीचे ९६००. केबलवर एका बदलात एकच बिट जातो, त्यामुळे तिथे 'बॉड' आणि 'बिट प्रति सेकंद' दोन्ही म्हटलेलं चालतं. फक्त अक्षरं मोजताना जपावं : ८-एन-१ या नेहमीच्या मांडणीत एका अक्षरामागे आठ नव्हे, सुरुवातीचा आणि शेवटचा धरून दहा बिट जातात, त्यामुळे ९६०० वर सेकंदाला ९६० अक्षरं.

व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सर्वसामान्यांना खुलं केल्यावर ज्यांनी डायल-अप वापरलं, त्यांना स्क्रीनवरचा 'कनेक्ट' आणि त्यापुढचा आकडा आठवत असेल. मोडेमच्या सेटिंगप्रमाणे तो आकडा कधी लाइनचा असे, तर कधी केबलचा. 'कनेक्ट ११५२००' पाहून पुष्कळांना लाइन फार वेगवान लागली असं वाटे, प्रत्यक्षात तो केबलचा वेग होता.

'बॉड रेट'बद्दल माझं मत असं. बॉडमध्ये 'दर सेकंदाला' हा अर्थ आधीच आहे, त्यामुळे 'बॉड प्रति सेकंद' चूकच. 'बॉड रेट'मध्येही तीच पुनरुक्ती आहे, पण राउटरच्या कन्सोल पोर्टपासून आर्डुइनो या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डापर्यंत सगळीकडे तोच शब्द चालतो, 'बॉड रेट जुळत नाही, म्हणून स्क्रीनवर कचरा येतोय' हे वाक्य कुठल्याही लॅबमध्ये ऐकू येतं. तो मोडण्याचा खटाटोप करू नये. सेटिंगच्या नावासाठी 'बॉड रेट' राहू द्या. फोनलाइनच्या मोडेमचा वेग सांगताना मात्र 'बिट प्रति सेकंद'च लिहा, तिथे बॉड म्हटलं की आकडा चुकतो.

लिहिताना 'बॉड' हाच उच्चार ठेवावा. मूळ फ्रेंच 'बोदो' असला तरी व्होल्टाचा व्होल्ट आणि फॅरेडेचा फॅरड झाला, तसा हाही आखूड होऊन एकक बनला आहे. अनेकवचनात बदल नाही : ९६०० बॉड, ९६०० बॉडने, ९६०० बॉडवर. 'बॉडांनी' करू नये.