गिअरबॉक्स उघडण्याआधी

प्रश्न : माझ्याकडे २०११ सालची, चार गिअरची ऑटोमॅटिक हॅचबॅक आहे. गाडी १ लाख १२ हजार किलोमीटर चालली आहे. सकाळी लिव्हर ‘डी’वर टाकल्यावर दोन-तीन सेकंद काहीच होत नाही आणि मग धक्का बसून गाडी निघते. कराडला जाताना कुंभार्ली घाटाच्या निम्म्यावर इंजिन नुसतेच रेस होते, गाडी ओढत नाही. गॅरेजवाल्यांनी एक फेरी मारून ‘गिअरबॉक्स गेला’ असे सांगितले आणि ओव्हरहॉलचे ९० हजार रुपये मागितले. गाडी विकली तर दीड लाखही हाती येणार नाहीत. काय करावे?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : एका फेरीवरून हे निदान होऊ शकत नाही. आपण सांगितलेली दोन्ही लक्षणे गिअरबॉक्समधील क्लच प्लेट झिजल्याने येतात, आतील रबरी सील कडक झाल्याने येतात आणि गिअरबॉक्सचे ऑइल कमी झाल्यानेही येतात; मात्र पहिल्या दोन कारणांचा खर्च हजारोंत, तर तिसऱ्याचा कदाचित शेकड्यांत असतो. या गिअरबॉक्समध्ये ऑइल केवळ वंगणाचे काम करत नाही. पंपाने निर्माण केलेल्या त्याच्या दाबानेच क्लच प्लेट आवळल्या जातात. पातळी कमी असेल तर पंप ऑइलबरोबर हवा ओढतो, दाब तयार व्हायला वेळ लागतो आणि चढावर ऑइल तळाच्या भांड्याच्या, म्हणजे पॅनच्या, एका बाजूला सरकले की दाब आणखी ढासळतो.

म्हणून सुरुवात डिपस्टिकपासून, म्हणजे ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीपासून, करावी. आपल्या गाडीत इंजिन ऑइलच्या डिपस्टिकखेरीज गिअरबॉक्सची वेगळी डिपस्टिक आहे का, हे मॅन्युअलमध्ये पाहावे. काही गाड्यांत ती नसते आणि पातळी खालून बोल्ट काढून तपासावी लागते. डिपस्टिक असल्यास गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवून सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून आणि इंजिन चालू ठेवून लिव्हर प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद थांबवत फिरवावा, शेवटी मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ‘पी’ किंवा ‘एन’वर आणावा आणि मग पातळी मोजावी. (होंडाच्या बऱ्याच जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांत मात्र इंजिन बंद करून मिनिटा-दीड मिनिटात मोजायचे असते, त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीची पद्धत आपल्या गाडीला लावू नये.) थंड इंजिनावर घेतलेले माप फसवे असते.

डिपस्टिकवरचा एक थेंब पांढऱ्या टिश्यू पेपरवर टाकून दहा मिनिटे ठेवावा. लालसर किंवा फिकट तपकिरी डाग एकसारखा पसरला तर ठीक. मध्ये काळा ठिपका उरला आणि वास करपलेल्या भाकरीसारखा आला, तर क्लच प्लेट जळत आहेत असे समजावे. डाग दुधाळ गुलाबी असेल तर ऑइलमध्ये पाणी किंवा कूलंट शिरले आहे. बहुतेकदा रेडिएटरमधला ऑइल कूलर फुटल्याने असे होते; पण आपली गाडी २०२१च्या जुलैमधील पुराच्या पाण्यात उभी होती का, हेही आठवून पाहावे. जुनी गाडी विकत घेतली असेल तर हा प्रश्न आधीच्या मालकाला जरूर विचारावा.

हे ऑइल इंजिन ऑइलसारखे जळून कमी होत नाही. पातळी खाली असेल तर ते कुठून तरी गळते आहे. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला, तर डाग पॅनच्या गॅस्केटखाली आहे, ॲक्सलच्या सीलखाली आहे की कूलरच्या रबरी नळीखाली, हे सकाळी कळते. नळीची क्लिप हे किरकोळ काम आहे. ऑइल भरताना मॅन्युअलमधलाच प्रकार वापरावा. ‘एसपी-३’ सांगितले असताना दुकानात हाताशी आहे म्हणून ‘डेक्सरॉन’ ओतू नये. एका वेळी पाव लिटरच भरून पुन्हा मोजावे, कारण जास्त झालेल्या ऑइलचा फेस होतो आणि लक्षणे पूर्वीचीच राहतात.

पातळी योग्य असूनही गाडी तशीच वागत असेल, तर ओव्हरहॉलचे पैसे देण्याआधी पॅन उघडून घ्यावे आणि त्या वेळी स्वतः समोर उभे राहावे. पॅनमधल्या चुंबकावर राखाडी, मऊ लेप असणे स्वाभाविक आहे. बोटाला टोचणारे धातूचे तुकडे किंवा काळ्या पापुद्र्यांचा थर दिसला, तर गॅरेजवाल्यांचे म्हणणे खरे निघाले असे मानावे लागेल. तसे नसेल तर फिल्टर बदलून नवे ऑइल भरावे. बरेचसे जुने ऑइल टॉर्क कन्व्हर्टरमध्येच (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात) राहते, त्यामुळे काही शे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा काढून भरावे. इतक्या चाललेल्या गाडीला मशीन लावून फ्लश करण्याच्या, म्हणजे सगळे जुने ऑइल दाबाने धुऊन काढण्याच्या, मी विरोधात आहे.

गाडीतल्या दोषांचे कोड वाचणारा स्कॅनरही लावून पाहावा, मात्र स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर पुष्कळदा इंजिनचेच कोड वाचतो, म्हणून गिअरबॉक्सचे कंट्रोल युनिट वाचणारा मागावा. ‘पी०७३१’ ते ‘पी०७३४’ हे कोड गिअरचे गुणोत्तर जुळत नाही, म्हणजे बहुधा आत घसरण आहे, असे सांगतात. ‘पी०७१५’ वेगाच्या सेन्सरकडे, तर ‘पी०७५०’ सोलेनॉइडकडे (ऑइलचा प्रवाह सोडणाऱ्या विजेच्या झडपेकडे) बोट दाखवतो आणि त्यात दोष नुसत्या वायरिंगचाही निघू शकतो. धक्क्यापुरते इंजिनाला धरून ठेवणारे माउंटिंग आणि बॅटरीही तपासावी.

पॅनमध्ये पापुद्रे निघाले तर मी ९० हजार घालणार नाही. खात्रीचा वापरलेला गिअरबॉक्स लेखी हमीसह निम्म्या पैशांत मिळत असेल तर विचार करावा, नाहीतर खरा दोष सांगून गाडी विकावी. निदान होईपर्यंत घाट टाळावा.

प्रश्न : माझी २०१५ची एएमटी गाडी सिग्नलवरून निघताना हिसके देते. हेच ऑइल बदलावे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. एएमटीमध्ये टॉर्क कन्व्हर्टर नसतो. त्यात साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स असतो; फक्त क्लच पायाऐवजी एक यंत्र (ॲक्च्युएटर) दाबते. क्लच झिजला की हिसके वाढतात. आधी क्लचची स्थिती पाहून स्कॅनरने क्लचचे कॅलिब्रेशन (जुळणी) करून घ्यावे आणि ॲक्च्युएटरचे ऑइल तपासावे. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर रोखून धरण्याची सवय असेल तर नवा क्लचही लवकर जाईल. तिथे ब्रेक वापरावा.