व्हीलचेअरवर पहिल्यांदा फिरायला निघताय?
ताई, सुरुवात नवी मुंबईत नेरुळच्या 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' या बागेपासून करा, तलावाभोवती चालायचा ट्रॅक आहे, फक्त रविवार संध्याकाळ टाळा कारण तेव्हा चाक वळवायलाही जागा मिळत नाही. घरच्या कुणाला तरी आधी पाठवून गेटचा आणि टॉयलेटचा फोटो मागवा, मधे ठोकलेला खांब अन दारातली पायरी हीच खरी डोकेदुखी, बाकी सगळं निभतं. रॅम्प असला तरी नीट बघा, 1 फूट चढायला 12 फूट लांबी लागते, त्याहून उभा असेल तर ती घसरगुंडी, सोबत कुणी असल्याशिवाय चढू नका. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर ऑनलाइन अर्ज टाका आधी. आणि वाशीला महापालिकेचं दिव्यांगांसाठी ईटीसी, म्हणजे शिक्षण-प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे एकदा जाऊन याच.