स्टेरॉइडची गोळी एकदम बंद करू नका

प्रश्न : आईला (वय ६२) संधिवात आहे. दोन वर्षं ती रोज १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन घेत होती. स्टेरॉइडने हाडं ठिसूळ होतात, असा मेसेज वाचून तिने गेल्या आठवड्यात गोळी बंद केली. आता अंथरुणातून उठवत नाही, मळमळतं, उभं राहिलं की चक्कर येते. टॉनिक द्यावं का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : टॉनिक नको. आईंना आजच डॉक्टरकडे न्या. उलट्या होत असतील किंवा ग्लानी असेल तर थेट रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या आणि दारातच सांगा, ‘दोन वर्षं स्टेरॉइड चालू होतं, अचानक बंद केलंय.’ हे कळलं तरच हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन वेळेत मिळतं, आणि त्यावाचून जीव जाऊ शकतो.

असं का होतं? दोन्ही मूत्रपिंडांच्या वर छोट्या ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवतात. रक्तदाब सांभाळायला, आजारपणाचा ताण सोसायला ते लागतं. बाहेरून रोज स्टेरॉइड मिळू लागलं की मेंदू या ग्रंथींना कामाला लावणं सोडून देतो आणि त्या सुस्तावतात. पुन्हा जाग्या व्हायला काही आठवडे, कधी कित्येक महिने लागतात. तेवढ्या काळात गोळीही नाही आणि स्वतःचं कॉर्टिसॉलही नाही, अशी आईंची गत झाली आहे.

मेसेजमधली भीती मात्र खोटी नव्हे. हाडं ठिसूळ होणं, साखर आणि बीपी वाढणं, मोतीबिंदू, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटणं, दबलेला क्षय डोकं वर काढणं, हे सगळं दीर्घकाळच्या स्टेरॉइडने होतं. म्हणूनच कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, डोळ्यांची आणि साखरेची तपासणी सोबत हवीच. पण गोळी तीन-चार आठवड्यांहून जास्त घेतली असेल तर ती पायरीपायरीने उतरवायची असते. वरचे डोस जरा भराभर कमी करता येतात. ५ मिलिग्रॅमच्या आसपास आलं की अगदी सावकाश, कारण शरीराची रोजची गरज साधारण तेवढीच असते. या टप्प्यावर डॉक्टर सकाळी आठच्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसॉल तपासून घेतात. डोस उतरवताना सांधे पुन्हा दुखू लागले तर तेही कळवा. मूळ आजारासाठी दुसरं औषध लागेल.

आणखी एक. ताप आला किंवा ऑपरेशन ठरलं तर डोस तात्पुरता वाढवावा लागतो. तो किती, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. आईंच्या पर्समध्ये गोळीचं नाव आणि डोस लिहिलेली चिठ्ठी ठेवा. लोकलमध्ये भोवळ आली तर अनोळखी माणसाला तीच उपयोगी पडेल.

प्रश्न : वडील गुडघ्यांसाठी ‘शुद्ध वनस्पतींच्या’ पुड्या घेतात. दोन दिवसांत दुखणं थांबलं. वर्षभरात चेहरा गोल झाला, साखर वाढली.
– एक वाचक, लालबाग

उत्तर : मला स्टेरॉइडचीच शंका येते. अशा पुड्यांत ते मिसळलेलं प्रयोगशाळेच्या तपासण्यांत याआधी सापडलेलं आहे. रुग्णाला न सांगता ते देणं हा अक्षम्य प्रकार आहे. वडिलांचे हात पाहा : त्वचा कागदासारखी पातळ, जरासा धक्का लागला तरी काळेनिळे डाग? दंड-मांड्या बारीक आणि पोट सुटलेलं? संशय आला म्हणून पुड्या फेकू मात्र नका, कारण अचानक थांबवण्याचा धोका इथेही तोच. उरलेल्या पुड्या घेऊनच फिजिशियनकडे जा.

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलाला दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप दिलाय. बंद करू का?
– एक आई, मुलुंड

उत्तर : नको. पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि औषध थेट श्वासनलिकांवर काम करतं. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) वापरा, नंतर चूळ भरायला लावा, दर भेटीत उंची मोजून घ्या. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनीच.

प्रश्न : पावसाळ्यात जांघेत गजकर्ण झालं. केमिस्टने दिलेल्या ट्यूबने खाज थांबते, पण पुन्हा पसरतं.
– एक वाचक, परळ

उत्तर : ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. खाज दबते, बुरशी मात्र फोफावते आणि जांघेची नाजूक कातडी पातळ होते. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, कपडे पूर्ण वाळवूनच घाला, आणि घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्यालाही सोबत न्या.