दावा लावण्यापूर्वी

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. टेरी टॉवेलचे साडेसात लाख रुपये व्यापाऱ्याने आठ महिने अडवून ठेवले आहेत, रंग उतरतो ही त्याची तक्रार तुला निव्वळ सबब वाटते, आणि म्हणून तू थेट दावा लावायला निघाला आहेस. तुझा संताप मी समजू शकतो. परंतु एवढ्या रकमेच्या व्यापारी वादात तुला तसा दावा लावताच येणार नाही. व्यापारी न्यायालय कायद्यात २०१८ साली आलेल्या कलम १२-अ प्रमाणे, तीन लाख किंवा त्याहून अधिक रकमेचा वाद असेल आणि तातडीचा अंतरिम आदेश, म्हणजे निकालापूर्वीचा तात्पुरता हुकूम, मागायचा नसेल, तर आधी विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीचा अर्ज करावा लागतो. ही अट बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले आहे. पुष्कळ पक्षकार, आणि खरे सांगायचे तर माझे काही व्यवसायबंधूही, हा टप्पा टोलनाक्यासारखा ओलांडतात. तू तसे करू नकोस.

वकिलीच्या उमेदीच्या काळात मी अक्कलकोट रस्त्यावरच्या एका यंत्रमागधारकाला असाच दावा जिंकून दिला होता. हुकूमनामा मिळाला, मग वसुलीसाठी दरखास्त लावावी लागली, आणि पैसे हाती येईपर्यंत त्याचे ते जुने गिऱ्हाईक कायमचे तुटले होते. समेटाचा विषय मी त्याच्यापुढे एकदाही काढला नव्हता, ही चूक माझीच. देणे किती निघते हे न्यायालय ठरवील. पण न खपलेला माल परत घ्यावा, निम्मी रक्कम जानेवारीतल्या आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेपूर्वी आणि उरलेली हप्त्यांनी द्यावी, पुढचा माल दोघांनी मान्य केलेल्या पक्क्या रंगाच्या नमुन्यावर निघावा, असली व्यवस्था तुम्ही दोघांनीच बसवायची असते. मध्यस्थीत ती लेखी होते, दोघांच्या सह्या होतात आणि तिची अंमलबजावणीही करून घेता येते.

मध्यस्थ निकाल देत नाही, आणि निवाडा देणाऱ्या लवादाशी त्याची गल्लत करू नकोस. तो दोघांना एकत्र बसवतो, मग प्रत्येकाशी स्वतंत्र बोलतो. तू एकांतात सांगितलेले तुझ्या संमतीशिवाय पलीकडे जात नाही, आणि बोलणी फिसकटली तरी तिथे देऊ केलेली रक्कम न्यायालयात तुझ्यावर उलटवता येत नाही. म्हणून त्या खोलीत तरी खरे बोल. रंगाईच्या एका खेपेत गडबड झाली होती, असे तुझ्या पत्रातच ओझरते आले आहे. ते मध्यस्थाला सांग. किती सोडायला तयार आहेस, हा आकडा घरातून ठरवून जा, कारण समोरच्याच्या तोंडाकडे पाहून ठरवलेला आकडा बहुधा रागाचा असतो. तो व्यापारी आलाच नाही किंवा जमले नाही, तर दावा आहेच. मध्यस्थीत गेलेला काळ दाव्याच्या मुदतीत धरला जात नाही.

ही सवलत धनादेशाला मात्र नाही. त्याचा एक धनादेश न वटता परत आल्याचे तू शेवटी दोन ओळींत लिहिले आहेस, आणि मला सर्वांत काळजी त्याचीच वाटते. बँकेकडून तसे कळल्यापासून तीस दिवसांत लेखी मागणीची नोटीस जावी लागते, ती मिळाल्यावर त्याला पैसे देण्यास पंधरा दिवस असतात, आणि त्यानंतर महिन्याभरात फौजदारी तक्रार दाखल करायची असते. समेटाची बोलणी चालू आहेत म्हणून हे दिवस थांबत नाहीत. रविवारची वाट न पाहता धनादेश परत आल्याचा बँकेचा मेमो घेऊन उद्याच सकाळी घरी ये. मध्यस्थीचा अर्ज त्यानंतर लिहू.

तुझा हितचिंतक