बाळाच्या मालिश-अंघोळीचा व्हिडिओ स्टुडिओत करायचा असेल तर

तुमचं म्हणणं असं की चार महिन्यांचं बाळ आहे, मालिश आणि अंघोळ शिकवणारा सहा मिनिटांचा व्हिडिओ करायचाय, गोरेगावात एका दिवसासाठी स्टुडिओ घेतलाय आणि सेट कसा लावावा हे ठरत नाहीये.

सेटच्या आधी कागदपत्रं. बालकामगार कायद्याच्या 2017 च्या नियमांप्रमाणे लहान मूल कॅमेऱ्यासमोर आणायचं तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. गोरेगाव मुंबई उपनगर जिल्ह्यात येतं, म्हणजे वांद्र्याचं जिल्हाधिकारी कार्यालय. दिवसाला जास्तीत जास्त पाच तास, आणि मुलाच्या मानधनातले किमान 20 टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत. पाच तास ही कायद्याची मर्यादा झाली. चार महिन्यांच्या बाळाला इतका वेळ सेटवर ठेवूच नका. त्याची झोपेची आणि दुधाची वेळ आईला विचारा आणि कॉल टाइम, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, त्यावरून ठरवा.

आता सेट. निवेदनात काहीही सांगा, बघणारी आई घरी नक्कल करते ती चित्राची. सेट सजवणारे आर्टवाले हौसेने पाळण्यात उशी, टेडी, कडेने मऊ लोड लावतात. फ्रेम छान दिसते, पण वर्षाच्या आतलं बाळ सपाट, घट्ट गादीवर उताणं झोपायला हवं, आजूबाजूला काहीही नको. पाळणा रिकामाच ठेवा. बाळाच्या डोळ्यांत काजळ नको, गळ्यात दोरा नको. वातावरणनिर्मितीसाठी धुरी करायचं कुणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा, तो धूर बाळाच्या छातीत जातो. तेलाची वाटी ठेवा, पण नाका-कानात तेल सोडल्याचा भास होईल असा एकही शॉट नको.

पाण्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. कॅमेरामनला वाफ हवी असते, वाफेने दृश्य खुलतं. पण बाळाच्या अंघोळीचं पाणी 37 ते 38 अंशांचं, म्हणजे कोमट. बादलीतून वाफा निघताना दाखवल्या तर बघणारी तसंच कढत पाणी काढेल. वाफ नकोच. त्याऐवजी आईचं कोपर पाण्यात बुडताना क्लोजअपमध्ये घ्या आणि तो शॉट चांगला तीन-चार सेकंद टिकवा. सेटवर पाणी भराभर निवतं, म्हणून थर्मामीटर घेऊन एक माणूस फक्त बादलीपाशी उभा करा. एसी आधीच बंद करा. फरशीवरच्या वायरी पाण्यापासून लांब, उंचावर बांधून घ्या.

स्टँडवरचा प्लास्टिकचा टब मागवू नका. आपल्याकडे कितीतरी घरांत आजी किंवा मालिशवाली बाई पाय लांब करून बसते आणि बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालते. तेच दाखवा, कारण बाळाला पालथं घेताना मान आणि तोंड कसं सांभाळायचं हे तिथेच शिकवायचं असतं. मुख्य कॅमेरा तिच्या खांद्यामागून लावा. समोरून घेतलं तर डावं-उजवं उलटं दिसतं आणि बघणारीचा गोंधळ होतो. खांद्यामागून घेतलं की पडद्यावरचे हात तिला स्वतःचेच वाटतात.

लाइट आणि फोकस बाहुलीवर लावून घ्या. बाळाला एकदाच न्हाऊ घाला, दोन कॅमेऱ्यांवर, मध्ये कट नाही. बाळ रडलं तर रडू दे, ते ठेवा. नव्या आईला तेही दिसायला हवं. कोपर, टॉवेल, तेलाची वाटी हे सगळे शॉट बाळ घरी गेल्यावर. अभिनेत्री घेण्यापेक्षा बाळाची खरी आईच घ्या, आवाज नंतर डब करता येतो.

एक पैशांची बाब. दुधाची पावडर, बाटल्या किंवा बाळांचं डबाबंद खाणं विकणारी कंपनी प्रायोजक म्हणून पुढे आली तर तिचं नाव किंवा डबा फ्रेममध्ये घेऊ नका. 1992 च्या कायद्याने दोन वर्षांखालच्या बाळांसाठीच्या या मालाच्या जाहिरातीवर बंदी आहे.

रफ कट, म्हणजे व्हिडिओची पहिली कच्ची जुळणी, झाला की आवाज पूर्ण बंद करून तो दोन-तीन नव्या आयांना आणि एखाद्या अनुभवी नर्सला दाखवा. मग घरी काय काय कराल ते त्यांना सांगायला लावा. त्यांचं सांगणं तुमच्या स्क्रिप्टशी जुळत नसेल तिथला शॉट पुन्हा घ्यावा लागेल, म्हणून स्टुडिओवाल्याशी आत्ताच आणखी अर्ध्या दिवसाचं बोलून ठेवा.